चार डबे, एक रिपोर्ट आणि ज्येष्ठमध

"मावशी, मी २६ वर्षांचा, मकरपुरा जीआयडीसीत क्वालिटीला आहे. मांजलपुरात दोन वर्षं जिमला जातोय. मार्चमध्ये ट्रेनरने गोखरू आणि मेथीच्या अर्काचा 'टेस्ट बूस्टर' सुरू करून दिला. महिन्याभरात केस गळायला लागले. तर म्हणाला, टेस्टोस्टेरॉन वाढलं की त्याचं डीएचटी होतं, त्याने केस जातात, म्हणून सॉ पाल्मेटोचा 'डीएचटी ब्लॉकर' घे. त्यात १० मिलिग्रॅम बायोटिन पण आहे. केसांसाठीच, ताकदीसाठी घेत होतो ते क्रिएटिन बंद करायला लावलं. मग डाव्या स्तनाग्राखाली दुखायला लागलं. तर म्हणे, डीएचटीचा रस्ता अडवला म्हणून माल इस्ट्रोजेनकडे वळला. आता हा क्रायसिनचा 'इस्ट्रोजेन ब्लॉकर'. रात्री झोपताना 'कॉर्टिसोल कंट्रोल' पावडर. मध्ये सहा आठवडे झिपच्या पिशवीतून कॅप्सूल दिल्या, त्यांना लेबल नव्हतं. महिन्याला साडेसहा हजार जातात. काही विचारलं की 'नॅचरल छे, कशुं नहीं थाय.' रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन वरच्या मर्यादेच्याही वर, टीएसएच (थायरॉइडचा आकडा) कमी. ट्रेनर खूश. पण माझं डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि कंपनीच्या तपासणीत बीपी १५२/९६ निघालं. या वनस्पती खरंच हार्मोन बदलतात का? काय बंद करू? आजोबा माणिकरावांच्या आखाड्यातले. ते म्हणतात, मेथीचे लाडू खा आणि डबे फेक. पण मेथीनेच तर सगळं सुरू झालं ना? — गोंधळलेला, बडोदे"

अरे गोंधळलेल्या,

पत्र पुढे वाचण्याआधी एक काम कर. आज रात्रीची ती पावडर घेऊ नकोस. उद्या सकाळी फॅमिली डॉक्टरकडे जा, बीपी परत मोजून घे आणि रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी करायला सांग. पावडरचा डबा सोबत ने. छातीत धडधड व्हायला लागली किंवा पाय लुळे पडल्यासारखे वाटले, तर उद्याची वाट बघायची नाही, थेट सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. का, ते खाली सांगते.

आता तुझा प्रश्न. चारही डब्यांचे फोटो पाठवलेस, ते फार बरं केलंस. तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे काढल्यामुळे मला लेबलाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू वाचायची खोड आहे. पुढच्या बाजूला सिंह, वीज आणि दंड. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात खरी गोष्ट. भिंग घेऊन बसले.

तुझा ट्रेनर जे सांगतो ते निव्वळ थापा नाहीत, हे आधी कबूल करते. शरीरात टेस्टोस्टेरॉनला दोन फाटे फुटतात. एक एन्झाइम, त्याला फाइव्ह-अल्फा रिडक्टेज म्हणतात, त्याचं डीएचटी करतं. दुसरं अ‍ॅरोमटेज, ते इस्ट्राडायोल म्हणजे इस्ट्रोजेन करतं. आपल्या बडोदे जंक्शनसारखं समज: मुंबईहून आलेली गाडी अहमदाबादला जाईल, नाहीतर गोध्र्यावरून रतलामला. रतलामच्या वाटेला लागलेली गाडी अहमदाबादला निघत नाही. तसं एकदा डीएचटी झालं की त्याचं इस्ट्रोजेन होत नाही. पण दोन्ही फाट्यांवर वाहतूक किती? रोज तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनमधलं शंभरातलं पाच-सात भाग डीएचटी होतं आणि हजारातलं दोन-तीन भाग इस्ट्रोजेन. बाकीचं टेस्टोस्टेरॉन म्हणूनच काम करतं आणि यकृतातून निकालात निघतं. म्हणजे एका फाट्यावर फाटक टाकलं की सगळी गर्दी दुसरीकडे लोटते, हे चित्रच जरा भडक आहे. फिनास्टेराइडसारख्या खऱ्या औषधाने डीएचटी सुमारे ७० टक्के खाली येतं आणि काही पुरुषांना स्तनात दुखतंही, हे खरं. त्याचा हिशेब त्या औषधाला लागू पडतो. तुझ्या डब्यांत तेवढा दम असता तर.

डीएचटीचा आणि स्नायूंचा संबंध किती, याचं उत्तर एका बेटाने दिलं आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच नीट काम करत नाही. १९७४ साली ज्युलिअन इम्पेराटो-मॅक्गिन्ली या डॉक्टरबाईंनी त्यांच्याबद्दल लिहिलं. ही मुलं जन्मताना मुलीसारखी दिसायची, मुलगी म्हणूनच वाढायची, आणि वयात आली की आवाज फुटायचा, खांदे भरायचे, स्नायू यायचे. दाढी मात्र विरळ, प्रोस्टेट लहान, आणि टक्कल नाही. डीएचटी जवळजवळ नसताना स्नायू आले! स्नायूंत टेस्टोस्टेरॉन स्वतःच काम करतं. तिथे डीएचटी पोचलं तरी टिकत नाही. याच माहितीवरून पुढे फिनास्टेराइड बनलं, १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये केसांसाठी अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हा दंडासाठी डीएचटीची काळजी करायचं कारण नाही. केसांसाठी आहे, पण त्याला त्वचारोगतज्ज्ञ आहेत.

सॉ पाल्मेटो हे अमेरिकेतल्या एका खुज्या ताडाचं फळ. काचेच्या नळीत त्यातली मेदाम्लं फाइव्ह-अल्फा रिडक्टेज अडवतात, हे खरं आहे. माणसात काय होतं? २००६ मध्ये २२५ पुरुषांना वर्षभर ३२० मिलिग्रॅम रोज दिलं, वाढलेल्या प्रोस्टेटमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासात नकली गोळीपेक्षा काही फरक नाही. २०११ मध्ये मात्रा तिप्पट करून पाहिली, ७२ आठवडे, तरी तेच. आणि मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती वेगळीच. फिनास्टेराइड घेतलं की रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन) निम्म्यावर येतं, कारण एन्झाइम खरोखर अडलेलं असतं. सॉ पाल्मेटोने तिप्पट मात्रेतही पीएसए ढिम्म हललं नाही. दार लोटलं म्हणतोस आणि कडी वाजली पण नाही, असा प्रकार.

क्रायसिनचीही तीच गत, उलट जास्तच. कृष्णकमळाच्या वेलीत, मधात, प्रोपोलिसमध्ये सापडणारं हे द्रव्य. बशीतल्या पेशींवर अ‍ॅरोमटेज छान अडवतं. तोंडाने घेतलं की आतडं आणि यकृत त्याला लगेच बांधून बाहेरची वाट दाखवतात. रक्तात पोचतं ते नावापुरतं. आणि तुझ्या पहिल्या तीन डब्यांतल्या मुख्य मालाची एकत्र परीक्षा आधीच होऊन गेली आहे, बरं का. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तरुण मुलांना अँड्रोस्टेनडायोन हे हार्मोनचं कच्चं रूप दिलं. त्याचं इस्ट्रोजेन होऊ नये म्हणून त्याच कॅप्सूलमध्ये गोखरू, क्रायसिन, सॉ पाल्मेटो आणि कोबीतला एक पदार्थ घातला. आठ आठवडे व्यायाम करवला. टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही. इस्ट्रोजेन मात्र वाढलं. चारही पहारेकरी दारात उभे, आणि चोर आरामात आत.

आणि समजा, अ‍ॅरोमटेज खरंच अडलं असतं, तर ते तुला हवं होतं का? १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन 'कळतच' नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर, आणि वाढ अजून चालूच, कारण हाडांची टोकं मिटली नव्हती; हाडं मात्र म्हाताऱ्याच्या हाडांसारखी विरळ. २०१३ मध्ये धडधाकट पुरुषांवर पद्धतशीर प्रयोग झाला, तेव्हा दिसलं की इस्ट्रोजेन दाबलं की पोटाची चरबी वाढते आणि कामेच्छा घटते. स्तनाचं दुखणं थांबवायला तू जो डबा घेतोस, त्याचं नाव खरं ठरलं तर चरबी चढेल.

गोखरूबद्दल दोन ओळी पुरेत. माळावर चपलेत रुततो तोच. २००५ मध्ये २१ तरुणांना चार आठवडे दिला, २००७ मध्ये रग्बीच्या खेळाडूंना पाच आठवडे. टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही. आयुर्वेदात तो मुख्यतः मूत्रविकारासाठी सांगितला आहे, दंड फुगवायला नाही, ही आपली माझी मल्लिनाथी.

मेथीचं प्रकरण मात्र जरा गुंतागुंतीचं आहे, आणि तिथे मी आखडतं घेते. टेक्ससमध्ये २०१० साली वजनं उचलणाऱ्या ३० मुलांवर ५०० मिलिग्रॅम अर्काचा प्रयोग झाला. उत्पादनाच्या नावाने दावा होता की हा अर्क दोन्ही एन्झाइमं अडवतो. आठ आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन नकली गोळीवाल्यांपेक्षा थोडं वर दिसलं, डीएचटीमध्ये फरक नाही. दुसऱ्या काही प्रयोगांतही टेस्टोस्टेरॉन किंचित वाढलेलं दिसतं. प्रयोग लहान, आणि काहींना पैसा अर्क विकणाऱ्यांचाच. मेथीने खात्रीने होतं काय, तर घामाला आणि शर्टाला मेथीचा वास येतो. तुझ्या आईला विचार, कपडे तीच धुते ना?

तुझ्या केसांचं म्हणशील, तर गोखरू-मेथीने महिन्याभरात डीएचटी चढलं आणि केस गेले हे मला पटत नाही. तुझ्या वयात पुरुषी टक्कल तसंही सुरू होतं. क्रिएटिन बंद करायला लावलं ते मात्र वाईट झालं. २००९ मधल्या एकाच छोट्या अभ्यासात, वीस रग्बी खेळाडूंत, क्रिएटिनने डीएचटी वाढलेलं दिसलं. केस कोणी मोजलेच नव्हते. अलीकडे केस मोजून बारा आठवडे पाहिलं, तर फरक नाही. सगळ्या कपाटात ताकदीसाठी भरवशाची अशी ती एकच पांढरी पावडर, आणि नेमकी तीच बाहेर काढली. (बीपी आणि किडनीचे रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत मात्र तीही बंदच राहू दे.)

आता रात्रीचा डबा. भिंग त्याच्यावर धरलं आणि मी उठून बसले. घटक दुसरा: यष्टिमधु अर्क, २ ग्रॅम, २० टक्के ग्लिसरायझिन. म्हणजे आपलं ज्येष्ठमध. गुजरातीत जेठीमध. खंडेराव मार्केटात कोणाही गांधियाकडे काड्या मिळतात, घसा बसला की आपण चघळतो. २ ग्रॅमचे २० टक्के म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन. युरोपात रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगतात. तू तीन महिने चौपट घेतोयस.

आणि हे द्रव्य हार्मोनचं रूपांतर खरोखर अडवतं. तुझ्या कपाटात तेवढं एकच. मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनला निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलत असतं, कारण कॉर्टिसोल तिथे मोकळं फिरलं तर अल्डोस्टेरॉनचं सोंग घेऊन मीठ-पाणी धरून ठेवायला लागतं. ज्येष्ठमध तेच एन्झाइम बंद करतं. मग मीठ साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं, डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. तुझ्या पत्रातलं ओळीन्‌ओळ. डब्यावर लिहिलंय 'कॉर्टिसोल कंट्रोल', आणि आतला माल कॉर्टिसोलचा मुक्काम वाढवतो! इटलीत १९९९ मध्ये सात पुरुषांना आठवडाभर ज्येष्ठमध दिलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉनही घटलं. पुढच्या प्रयोगांत घसरण एवढी दिसली नाही, म्हणून त्यावर मी भर देत नाही. पण बीपी आणि पोटॅशियमचं पक्कं आहे. बंद केल्यावर परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात, म्हणून "दोन दिवस बंद केलं, काही फरक नाही" असं म्हणून परत सुरू करू नकोस. खोकल्याला चार दिवस काडी चघळणं वेगळं आणि रोज रात्री चमचाभर गाळीव अर्क वेगळा. ज्येष्ठमधावर माझा राग नाही. राग आहे तो 'घरातलंच आहे' म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही याचा.

मग रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन एवढं कसं? याचं उत्तर मला दुसऱ्या डब्यावर सापडलं: बायोटिन १० मिलिग्रॅम. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या तीनशेपट. केसांना त्याचा उपयोग कमतरता असेल तरच, आणि ती फार विरळा. पण बऱ्याच लॅबमधली यंत्रं हार्मोन मोजताना बायोटिनच्याच चिकटपणाचा वापर करतात. रक्तात मोकळं बायोटिन भरपूर असलं की मोजणी फसते. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल यांसारखी लहान द्रव्यं मोजायच्या पद्धतीत आकडा खोटा वर जातो. टीएसएच आणि एलएच (मेंदूतून वृषणांना जाणारा हुकूम) मोजायच्या पद्धतीत खोटा खाली. तुझा रिपोर्ट बघ: टेस्टोस्टेरॉन वर, टीएसएच खाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याचा इशारा दिला होता. सगळ्या यंत्रांत असं होत नाही, म्हणून मी पैज लावणार नाही, पण ट्रेनरने ज्या कागदावर पेढे वाटले तो कागद केसांच्या गोळीने लिहिलेला असू शकतो. टीएसएचसाठी आणखी एक संशयित म्हणजे त्याच रात्रीच्या पावडरमधली अश्वगंधा. ती काही जणांत थायरॉइडचे आकडे हलवते, क्वचित यकृतालाही त्रास देते. दोन्ही बंद करूनच परत तपासायचं.

राहिल्या झिपच्या पिशवीतल्या कॅप्सूल. खरं सांगू, स्तनाग्राखालचं दुखणं मला त्यांच्याशी जोडलेलं वाटतं, क्रायसिन-सॉ पाल्मेटोशी नाही. २००४ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेचा एक मोठा अभ्यास छापला गेला. १३ देशांतून विकत आणलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. ९४ मध्ये लेबलावर न लिहिलेले हार्मोनी पदार्थ निघाले. ती निदान लेबल असलेली होती. बाहेरून असं काही पोटात गेलं की त्याचं इस्ट्रोजेन होऊ शकतं, आणि मेंदू वृषणांना "आता तुम्ही थांबा" म्हणतो. एलएच खाली जातो. उरलेल्या कॅप्सूल फेकू नकोस, पिशवीसकट डॉक्टरला दाखव. त्या सोडल्यावर काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटू शकतं. ते खरं असेल तर तेही डॉक्टरला कळायला हवं, ट्रेनरला विचारून नवा डबा आणायचं ते कारण नाही.

मोजणी परत करायची ती अशी. बायोटिन निदान तीन दिवस बंद. मी तुला आठवडा सांगते. आदले काही दिवस पायांचा जड व्यायाम नको, कारण स्नायू दुखावले की यकृताचे म्हणून समजले जाणारे आकडेही वर जातात आणि उगाच घाबरायला होतं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी. एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला, टेस्टोस्टेरॉन, एलएच, इस्ट्राडायोल, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि यकृताच्या तपासण्यांबद्दल विचार. स्तनाग्राखाली सुपारीसारखं घट्ट लागतंय का ते ते हाताने बघतील, आणि त्याच तपासणीत अंडकोषही बघतात. लाजू नकोस. पंचविशीतल्या मुलात ती तपासणी महत्त्वाची असते आणि दोन मिनिटांत होते.

ट्रेनरशी भांडायला जाऊ नकोस. तोही कोणाकडून तरी ऐकूनच सांगत असणार. फक्त बीपीचा आकडा आणि डब्याच्या मागच्या लेबलाचा फोटो त्याला पाठव. त्याच्याकडून तीच पावडर नेणारा तू एकटा नसशील.

आजोबांना माझा नमस्कार सांग. दांडिया बाजारात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रो. माणिकरावांकडे लोक मल्लखांब-लाठी शिकायला जायचे तसे हाडं बसवायलाही जायचे, असं आमच्या घरी ऐकलंय. आजोबांनी ते डोळ्यांनी पाहिलं असेल. एकदा बसवून विचार, लिहून काढ. आणि लाडवांचं: खुशाल खा. लाडवात मेथी असते चमचाभर, बाकी कणीक, गूळ, तूप, डिंक. त्या चमचाभराने कुठलंही एन्झाइम अडत नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने जरा बेताने खावेत, पण तुझं तसं काही नाही. आईला सांग, या वेळी सुंठ थोडी जास्त घाल.

नवा रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव, आणि वरच्या कोपऱ्यात पेनाने लिही: बायोटिन कुठल्या तारखेपासून बंद, ज्येष्ठमध कुठल्या.

— मावशी